धाकट्याच्या गाडीचा कार्बोरेटर

गॅरेजांच्या त्या गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाणं त्याला औषधालाही येत नव्हतं, पण इंजिन ऐकावं तर त्यानंच. लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्याचा टॅपेट ढिला आहे." झाकण उघडलं की तिसऱ्याच सिलिंडरचा निघायचा. वय बासष्ट, अंगानं काटकुळा, बोलणं तोलूनमापून. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, "मुलगी बघायला निघालो होतो एकदा. वाटेत एका गाडीचा आवाज बिघडलेला ऐकला आणि तिथंच थांबलो." लोक हसायचे आणि विषय मिटायचा.

त्याला एक धाकटा भाऊ होता, हे गल्लीतल्या जुन्या माणसांनाच ठाऊक होतं. शेजारच्या लेथवाल्याला ठाऊक होतं, कारण तो आणि कानसेन एकाच वर्षी या गल्लीत आले होते. पण तोही भावाचा विषय काढत नसे. दुखऱ्या दाताला जीभ लावायची कशाला, असं त्याचं साधं गणित.

धाकटा नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला पाना कसा धरायचा इथपासून सगळं थोरल्यानंच शिकवलं. पोरगा हाताचा चपळ, जिभेनं त्याहून चपळ. पंचविशीच्या आतच तो इंजिन असं बांधायला लागला की गिऱ्हाईक आल्याबरोबर आधी त्याची चौकशी करी. थोरल्याला त्याचा अभिमान होता. तो त्यानं कधी बोलून दाखवला नाही, एवढंच.

दोघांनी मिळून एकच गाडी स्वतःसाठी उभी केली. भंगारवाल्याकडून लांब बोनेटची एक जुनी गाडी आणली, आणि तिच्यात मोडीत निघालेल्या अँब्युलन्सचं सहा सिलिंडरचं, चार लिटरचं इंजिन बसवलं. दोन हिवाळे त्यात गेले. हेड घासलं, कॅमशाफ्ट बदलला, एक्झॉस्टचे पाइप धाकट्यानं स्वतः वाकवून जोडले. शेवटी उरला कार्बोरेटर, आणि तिथं माशी शिंकली.

कार्बोरेटर मिनिटाला किती घनफूट हवा आत सोडतो, त्यावर त्याचं माप ठरतं. धाकट्यानं साडेसहाशेचा आणायचा ठरवला होता. थोरल्यानं भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं हिशोब मांडला. इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. पोट चार लिटरचं. पाच हजार फेऱ्यांवर नेलं तरी मिनिटाला दहा हजार लिटर, म्हणजे साडेतीनशे घनफूट. त्यातही पोट कधी काठोकाठ भरत नाही, म्हणजे तीनशेच धर. "तीनशे नव्वदचा बसव. डोक्यावरून पाणी."

"शर्यतीच्या गाड्यांना आठशेचे असतात," धाकटा म्हणाला.

"त्यांना सिग्नलला थांबायचं नसतं. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी संथ होतं का नाही? तसंच हे. गळा रुंद केलास तर हळू चालताना हवेला ओढ राहणार नाही. ओढ नाही तर पेट्रोल उचललं जाणार नाही. गाडी चौकात गुदमरेल."

धाकट्यानं ऐकून घेतलं आणि साडेसहाशेचाच आणून बसवला.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा अर्धी गल्ली मागे चालत आली होती. मोठ्या चौकात सिग्नल लागला. सुटला तेव्हा धाकट्यानं रेस दिली, गाडीनं एक आचका दिला आणि ती बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. गल्लीतले लोक हसले, आणि शेजारच्या सीटवर बसलेला थोरलाही हसला. वर म्हणाला, "गाडीची भूक बघायची असते रे, आपली हाव नाही."

 महिन्याभरानं धाकटा कपड्यांची एक पेटी आणि हत्यारांचा एक डबा घेऊन त्याच गाडीतून निघून गेला, घाटापलीकडच्या शहरात. आई गेली तेव्हा बसनं आला, तीन दिवस राहिला, भांडला नाही की बोलला नाही. तिकडे लग्न केल्याचं कानावर आलं. पत्रिका आली नाही. तो गाडी घेऊन गेला त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

दादा ही हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. ती हाक इतकी वर्षं कानावर आली नव्हती. गिऱ्हाइकं त्याला साहेब म्हणत, लेथवाला नुसतंच "अहो कानसेन" म्हणे. कधी गल्लीत कुणी दुसऱ्याच कुणा दादाला हाक मारली, की इंजिनावर वाकलेला हा माणूस मान वर करायचा आणि मग, मान अवघडल्यासारखं करून, पुन्हा खाली वाकायचा.

एका मंगळवारी दुपारी गॅरेजातला फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज होता.

"दादा, मी तुमची भावजय बोलतेय. आपण कधी भेटलो नाही."

कानसेननं हातातला पाना खाली ठेवला. "तो बरा आहे ना?"

"आहेत. म्हणजे, आता बरे आहेत. चार महिन्यांपूर्वी झटका आला होता. बोलणं सुधारलंय, हातही बराचसा. डावा पाय अजून साथ देत नाही."

डावा पाय म्हणजे क्लचचा पाय, हे त्याच्या मनात आधी आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"गाडी आता मी चालवते," ती म्हणाली. "मंगळवारी आणि शुक्रवारी ह्यांना व्यायामाला न्यावं लागतं. दवाखान्यातल्या बाई त्यांना तासभर आत घेतात, तेव्हा मी बाहेरून फोन करतेय. दादा, ती गाडी चौकाचौकात बंद पडते. ह्यांच्या हाताखाली कशी चालायची कोण जाणे. पायानं काहीतरी सांभाळून घेत असतील. मला नाही जमत. परवा भर रस्त्यात चार वेळा बंद पडली. हे शेजारी बसून होते, आणि लोक ओरडत होते."

"विकायची नाही?"

"डॉक्टरांनी नुसतं सुचवलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू देत नाहीत. मीच एकदा म्हटलं, मग तुमच्या दादांना विचारू का. तर काही बोललेच नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत."

कानसेननं टेबलावरचं एक जुनं बिल उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. "मी विचारतो तेवढं सांगा. घर चढावर आहे की सपाटीला?"

चढावर होतं, शेवटचं वळण तर फारच उभं. दवाखान्यापर्यंत किती सिग्नल? ते तिला मोजून सांगावे लागणार होते. काटा किती फेऱ्यांपर्यंत जातो? तिनं कधी पाहिलंच नव्हतं. गाडीत किती माणसं असतात?

"आम्ही दोघं. सुट्टीत मुलगी येते, ती मागे बसते. सतरा वर्षांची आहे. कॉलेजसाठी मावशीकडे राहते."

"मुलगी," कानसेन म्हणाला, आणि ते त्यानं बिलाच्या पाठीवर लिहूनही घेतलं. मग त्यानं विचारलं, "तिला माहीत आहे, एक काका आहे म्हणून?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "तिला तुमची नक्कल करता येते, दादा. पाच वर्षांची होती तेव्हापासून. स्क्रू-ड्रायव्हर कानामागे लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, तिसऱ्याचा टॅपेट. ह्यांनीच शिकवलंय."

तासभराचा वेळ संपला आणि तिनं फोन ठेवला. कानसेन बिलाची ती पाठ हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. समोर एका गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, खाकरलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तो फोनजवळचं काम काढून बसायला लागला. तिनं सिग्नल मोजले, अकरा होते. काटा तीन हजारांच्या वर जात नाही, असं तिनं सांगितलं. प्लग काढून बघायला त्यानं तिला फोनवरून शिकवलं. ते काळेकुट्ट, काजळी धरलेले निघाले. तिकडची हवा इथल्यापेक्षा विरळ, शहर उंचावर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे जेट एक नंबर बारीक घालावे लागतील, हेही त्यानं लिहिलं.

खरं तर आता त्याला लागणारी माहिती पुरी झाली होती. पण प्रश्न संपेनात. स्वयंपाकघरातून गाडीचा आवाज ऐकू येतो का? धाकटा सकाळी किती वाजता उठतो? अजून चहात दोनदा साखर घालतो का? ती मोठ्या समजुतीची बाई होती. या प्रश्नांचा कार्बोरेटरशी संबंध काय, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

लेथवाल्यानं मात्र विचारलं. चहाचा कप घेऊन तो दारात उभा राहिला होता आणि त्यानं अर्धं संभाषण ऐकलं होतं. "काय हो कानसेन, कार्बोरेटर ठरवताय की सोयरीक? घर कसं, दार कसं, माणसं किती. आता पत्रिका तेवढी मागवा."

"माप चुकायला नको," कानसेन म्हणाला.

"एकदा चुकलंय ते पुरे," लेथवाला म्हणाला, आणि लगेच कपात बघायला लागला.

मापाचाच खरा पेच होता. नुसता तिचा विचार केला तर दोन गळ्यांचा, अडीचशेचा साधा कार्बोरेटर पुरेसा होता. अकरा सिग्नल, तीन हजार फेऱ्या, बाजार आणि दवाखाना. तो बसवला असता तर गाडी म्हातारीच्या मांजरासारखी शहाणी झाली असती. पण मग ती धाकट्याची गाडी राहिली नसती. दुसरा मार्ग होता तो चार गळ्यांच्या तीनशे नव्वदचा. त्यात दोन लहान गळे रोजचे. उरलेले दोन बंदच राहतात, आणि इंजिनानं जोरात ओढ घेतली तरच आपोआप उघडतात. तिच्या पायाखाली ते कधीच उघडणार नव्हते. ते उघडायचे तर डाव्या पायानं क्लच दाबून, घाटाच्या तोंडाशी गिअर टाकून, मनापासून रेस देणारा माणूस हवा.

त्या शुक्रवारी त्यानं विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात? तो पुन्हा चालवेल?"

 मागे कुठेतरी दवाखान्याचा दरवाजा उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. "नक्की कुणी सांगत नाही," ती म्हणाली. "अंगठा हलतो आता. काल मला बोलावून दाखवला."

"बरं," कानसेन म्हणाला. "मग चार गळ्यांचा."

एका जुन्या डिलिव्हरी व्हॅनवरचा तीनशे नव्वदचा कार्बोरेटर त्यानं मिळवला. तो पूर्ण खोलला, एकेक भोक हवेनं आणि तारेनं साफ केलं, नवीन गॅस्केट कापली, फ्लोटची उंची तीन वेळा मोजली. जुन्या बैठकीवर तो बसेना, म्हणून मध्ये घालायची पट्टी लेथवाल्यानं करून दिली. गॅरेजात पडलेल्या एका जुन्या इंजिनावर चढवून दोन दिवस चालवून पाहिला. लोक आपल्या कामाला गडबड करत होते, त्यांना तो "उद्या" म्हणत राहिला.

"तुम्हीच घेऊन या ना," भावजय म्हणाली.

"त्यानं बोलावलंय?"

ती खोटं बोलणारी नव्हती. "नाही," म्हणाली.

मग त्यानं पार्सल केलं. सोबत चार पानांची चिठ्ठी लिहिली. कुठला नट आधी, कुठला नंतर, चोक किती उघडा, वेगवेगळ्या जेटच्या पुड्या कुठल्या आणि कधी वापरायच्या. चौथ्या पानावर जागा उरली होती. तिथं त्यानं लिहिलं, "त्या दिवशी चौकात मी हसायला नको होतं." वाचून पाहिलं, पेन्सिलीचं होतं, खोडता आलं असतं. तसंच पाकिटात घातलं आणि लेथवाल्याला चिकटवायला सांगितलं, कारण आपला हात पुन्हा पाकिटाकडे जाईल याची त्याला खात्री होती.

पार्सल पोचल्याचं भावजयीनं कळवलं. धाकट्यानं वरचं अक्षर बघितलं आणि खोका टेबलावर तसाच ठेवून दिला. मंगळवारी तो खोका तिथंच होता, दोन दिवस जेवणाची ताटं त्याच्या कडेनं मांडली जात होती. शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. कानसेन फोनचा रिसीव्हर उचलून आवाज येतोय ना, हे बघायचा आणि परत ठेवायचा. लेथवाल्यानं त्या दिवसांत एकही विनोद केला नाही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग पावलांचा, त्यातलं एक पाऊल ओढत टाकल्याचा आवाज. मग बोनेटची दांडी लावल्याचा खट्ट आवाज, तो कानसेननं ताबडतोब ओळखला. आणि मग इंजिन चालू झालं.

त्यानं डोळे मिटले. एकोणीस वर्षांनी ते इंजिन तो ऐकत होता. सहाही सिलिंडर कामाला होते. आवाज भरदार होता, पण खाली कुठेतरी एक जडपणा होता, भरल्या पोटी चढ चढणाऱ्या माणसासारखा.

"मिक्स्चरमध्ये पेट्रोल जास्त आहे," तो म्हणाला. "दोन्ही स्क्रू अर्धा आटा आत घे."

थोड्या वेळानं आवाज हलका झाला.

"डावा अजून किंचित. बस. आता सोड."

इंजिन एका लयीत चालू राहिलं. दोन्हीकडे दोघं ते ऐकत होते.

"दादा," धाकटा म्हणाला. झटक्यामुळे शब्द सावकाश येत होते. "साडेसहाशेचा काही वाईट नव्हता. घाटात, मोकळ्या रस्त्यावर, तो असा काही उघडायचा."

कानसेनला धाकटा गाडी घेऊन गेला त्या दिवसाची सकाळ आठवली. धाकटा दारात येऊन म्हणाला होता, एकदा घाटापर्यंत चल माझ्याबरोबर, मग बघ. आणि यानं ग्रीज लागलेले हात दाखवून, काम आहे, असं सांगितलं होतं.

"असेल," तो म्हणाला. "मी बसलो कुठे होतो घाटात."

 चिठ्ठीतल्या त्या ओळीबद्दल धाकटा बोलला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. "ठेवतो," म्हणाला. "उभं राहून पाय दुखतो." मागून भावजयीचा आवाज आला, आधी खाली बसा म्हणून, आणि फोन बंद झाला.

गाडी उत्तम चालायला लागली. अकराच्या अकरा सिग्नल बिनबोभाट, असा भावजयीचा एकदा निरोप आला. आणि मग, काम झाल्यामुळे, मंगळवार-शुक्रवारचे फोन थांबले. कुणाचाच त्यात दोष नव्हता. बिघडलेल्या गाडीला मेकॅनिक लागतो, चांगल्या गाडीला कशाला लागेल. कानसेन मात्र त्या दोन दुपारी फोनच्या आसपासच घुटमळत राहायचा. एकदा लेथवाल्याला म्हणाला, "जेट जरा चुकीचे पाठवले असते तर बरं झालं असतं."

"मग तुम्ही लावा की फोन," लेथवाला म्हणाला. "बोटं झिजतील का?"

"काय बोलू?"

"ते मला काय विचारता? माझा भाऊ आहे का तो?"

असे दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी, गल्ली बंद असताना, त्यानं गॅरेज उघडलं आणि नंबर फिरवला. मुलीनं उचलला. सुट्टीला आली होती.

"आई-बाबा बाहेर गेलेत. कोण बोलतंय?"

घसा साफ करून त्यानं सांगितलं.  ती म्हणाली, "काका, फोन ठेवू नका हं," आणि जी बोलत सुटली ती पाऊण तास. कॉलेज, मावशीचं कुलूपबंद कपाट, बाबांचा नवा हट्ट, की काठी न घेता फाटकापर्यंत जायचं. कानसेन हूं हूं करत राहिला. तिच्या बोलण्यात "म्हणजे कसं" असं दर चार वाक्यांनी यायचं. त्या वयात धाकटाही तसंच बोलायचा, हे तिला सांगावंसं त्याला वाटलं, पण मध्ये फट सापडेना.

आता दर रविवारी फोन होतो. आधी मुलगी बोलते, नाहीतर भावजय. शेवटी दोन मिनिटं धाकटा येतो. क्लच अर्धा दबतो, असं त्यानं मागच्या खेपेला सांगितलं. अंगणात, इंजिन बंद ठेवून. अर्ध्याचा पूर्ण व्हायला किती दिवस लागतील ते डॉक्टरही सांगत नाहीत.

"कधी येतोस?" असं तो दर वेळी विचारतो, आणि कानसेन म्हणतो, "हातातलं एक इंजिन तेवढं संपू दे." त्या बोलण्यानंतर तीन इंजिनं संपली, चौथं सध्या टेबलावर आहे. घाटापलीकडे जाणारी बस सकाळी सव्वासहाला सुटते, खिडकीची जागा हवी तर सहालाच जाऊन बसावं लागतं, हे त्यानं दोनदा स्टँडवर जाऊन विचारून ठेवलंय. लेथवाल्यानंही सांगून ठेवलंय की चार दिवस गॅरेजकडे बघायला मी आहे. कानसेन मान डोलावतो, हात पुसतो आणि उघड्या इंजिनाकडे वळतो.